मांजर कपाटाखालून बाहेर येत नाही तेव्हा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बोक्याने आजीच्या गोधडीवर लघवी केली. चार वर्षांत पहिल्यांदाच. घरच्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला, "काल दिवसभर कुणी विचारलं नाही ना त्याला, म्हणून सूड उगवला." मलाही ते पटलं. मी त्याला रागावले, मानेला धरून त्याच्या लघवी-शीच्या ट्रेपाशी नेऊन सोडलं. तो जो कपाटाखाली गेला, तो दीड दिवस बाहेर आला नाही.

डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं की त्याच्या मूत्राशयाला सूज आली होती. जंतुसंसर्ग नव्हता, खडाही नव्हता. मांजरांत हे दुखणं नेहमीचं आहे आणि ताणाने ते उफाळतं. लघवी करताना दुखतं, ते दुखणं ट्रेमध्ये होतं, म्हणून मांजर ट्रेलाच भितं आणि एखादी मऊ जागा शोधतं. गोधडी मऊ होती, एवढंच. मांजर नागासारखं डूख धरत नाही. (नागही धरत नाही, पण तो विषय वेगळा.)

त्यानंतर वाचून, डॉक्टरांना विचारून आणि बऱ्याच चुका करून जे हाताला लागलं ते पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितेय. क्रम महत्त्वाचा आहे. पहिली पायरी सोडून थेट खोकी आणि खेळणी आणायला जाऊ नका.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपलं मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं, एकट्याने शिकार करणारं. उंदराच्या दृष्टीने ते वाघ असलं, तरी मोठ्या जनावरांच्या दृष्टीने तेही भक्ष्यच. त्यामुळे दुखणं लपवायचं आणि धोका दिसला की आडोशाला जायचं, हे त्याच्या रक्तात आहे. घाबरलेलं कुत्रं बहुधा माणसाकडे धावतं, मांजर ओळखीच्या जागेकडे. कुठे बसायचं, कधी बाहेर यायचं, कुणाला भेटायचं हे त्याचं त्याला ठरवता आलं की ते शांत असतं. आपण मायेपोटी नेमकं तेच हिरावून घेतो. कपाटाखालून ओढून काढतो, छातीशी घट्ट धरतो, "काही नाही रे, काही नाही" म्हणत पाहुण्यांना दाखवतो.

१. आधी दुखणं नाही ना, ते बघा

वागणं अचानक बदललं की पहिला फोन डॉक्टरांना. "ताणच असेल" हे ठरवणं आपलं काम नाही. ट्रेबाहेर लघवी, चिडचिड, खाणं कमी होणं, एकाच जागी सतत चाटणं ही ताणाचीही लक्षणं आहेत आणि दातदुखी, सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार, त्वचेची ॲलर्जी यांचीही. म्हातारं मांजर ट्रेबाहेर करत असेल, तर कदाचित गुडघे दुखत असल्यामुळे त्याला ट्रेची उंच कड ओलांडता येत नसेल.

काही बाबतींत सकाळपर्यंतही थांबायचं नाही. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जातो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही पडत नाही, म्हणजे मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता आहे. बोक्यांचा हा मार्ग अरुंद असतो. तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. नवख्या लोकांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते एरंडेल शोधत बसतात.

दुसरं, पूर्ण दिवसभर मांजराने तोंडात काहीच घेतलं नाही तर डॉक्टरांना कळवा. मांजराला, त्यातही लठ्ठ मांजराला, उपास सोसत नाही. यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडतं. तिसरं, शांत बसलेलं मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तीही धावपळीचीच वेळ.

२. आठवडाभर वही ठेवा

घाबरलेलं मांजर आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि आपल्याला दिसत नाही, कारण ते शांत असतं. "आमचं माऊ फार गुणी, दिवसभर झोपून असतं" असं कौतुकाने सांगितलं जाणारं मांजर खरंच झोपलंय की नुसतं गोळा होऊन बसलंय, ते नीट बघा. निवांत मांजर आडवंतिडवं पसरतं, पोट दाखवतं. ताणातलं मांजर चारही पंजे पोटाखाली टेकवून, शेपटी अंगाला घट्ट गुंडाळून, डोकं खांद्यांत घालून बसतं. डोळे मिटलेले दिसतात, पण कान आवाजाच्या दिशेने फिरत असतात. ताण वाढला की डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात, कान बाजूला पडतात, पाठीची कातडी लहरते.

सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे घुरघुर. मांजर सुखात घुरघुरतं हे खरं, पण दुखत असताना आणि डॉक्टरांच्या टेबलावर घाबरलेलं असतानाही घुरघुरतं. नुसत्या घुरघुरीवर विसंबू नका.

वहीत फार काही लिहायचं नाही. किती खाल्लं, लघवी-शी कुठे आणि कितीदा, किती वेळ लपून होतं, कुणावर फिस्कारलं, अंग चाटणं कमी झालंय की पोटावरचे केस जाईपर्यंत वाढलंय. आणि शेजारी, त्या दिवशी घरात काय झालं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. तिसऱ्या दिवशीच दिसलं की वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं की आमचा बोका संध्याकाळचं खाणं सोडतो.

३. काय बदललं ते शोधा

आपल्याला क्षुल्लक वाटणारा बदल मांजराला मोठा असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकाच्या गटाने मूत्राशयाचा आजार असलेल्या आणि निरोगी अशा दोन्ही मांजरांवर दीर्घकाळ लक्ष ठेवलं. त्यांचा दिनक्रम काटेकोर ठेवला, तेव्हा आजारी मांजरंही बरी वागू लागली. खाण्याची वेळ किंवा सांभाळणारं माणूस बदललं, तेव्हा निरोगी मांजरांनीही खाणं सोडलं, उलट्या केल्या, ट्रेबाहेर घाण केली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. माझं गोधडीचं कोडं त्यातच सुटलं.

तेव्हा मागच्या पंधरा दिवसांत काय झालं ते आठवा. नवा सोफा आला का? (जुन्यावर त्याचा वास होता, नव्यावर दुकानाचा आहे.) रंगकाम, सुट्टीला आलेली भाचरं, बाळंतपण, घरातलं कुणी परगावी गेलं, ऑफिसची वेळ बदलली, ट्रेची जागा हलवली, लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) दुसरं आणलं?

एक कारण हमखास निसटतं: खिडकीबाहेरचं मांजर. माझ्या मैत्रिणीकडच्या दोन सख्ख्या बहिणी, जन्मापासून एका ताटात खाणाऱ्या, एक दिवस अचानक एकमेकींच्या नरडीला लागल्या. कारण होतं समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर रोज येऊन बसणारा एक दांडगा बोका. काचेपलीकडच्या त्याच्यापर्यंत पोचता येईना, तो राग शेजारी बसलेलीवर निघाला. मैत्रिणीने खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी कागद चिकटवला आणि दोघींना आठवडाभर वेगळ्या खोल्यांत ठेवून हळूहळू पुन्हा एकत्र आणलं.

आणि वास. आपल्या घरांत लादी पुसायला फिनेल, संध्याकाळी धूप, आरतीला कापूर, वर सुगंधी तेलाचा डिफ्यूझर. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आणि नाकाची पातळी लादीपासून वीतभर. पण प्रश्न नुसत्या त्रासाचा नाही. फिनेलमधली फिनॉलवर्गीय रसायनं मांजराच्या यकृताला नीट निरुपद्रवी करता येत नाहीत. ओल्या लादीवरून चालून पंजे चाटले की ती पोटात जातात. कापूर, निलगिरी तेल, टी ट्री तेल हेही मांजराला विषारी. लादीला साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरतो. धूप लावायचाच तर मांजर नसलेल्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून.

४. लपायला जागा द्या

इथे खर्च शून्य. वाण्याकडून किंवा कुरियरचं पुठ्ठ्याचं खोकं आणा, एका बाजूने मांजर जाईल एवढं भोक पाडा, आत जुनी सुती साडी टाका. नेदरलँड्समधल्या एका निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना असं खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या तीन-चार दिवसांतच सावरू लागली, बाकीच्यांना बराच जास्त वेळ लागला. हा प्रयोग उट्रेक्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला.

खोकं ठेवून भागत नाही, घरात एक नियमही लागतो: मांजर आत असताना कुणी हात घालायचा नाही. झाडायचं असलं तरी नाही, पाहुण्यांच्या लेकराला माऊ बघायचंय असलं तरी नाही. हा नियम घरातल्या मोठ्यांना पाळायला मुलांपेक्षा जड जातो, असा माझा अनुभव आहे.

शिवाय एक उंच जागा. कपाटाचा माथा, माळ्याची कड, पुस्तकांच्या मांडणीचा वरचा खण. चढायला मध्ये स्टूल ठेवा, वर घसरू नये म्हणून पायपुसणं पसरा. उंचावरून सगळ्या खोलीवर नजर ठेवता आली की खालचा कुकरसुद्धा सुसह्य होतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गॅलरी आणि खिडक्यांना मजबूत जाळी आधी लावा. डासांची नायलॉनची जाळी नखांपुढे टिकत नाही.

५. ट्रेचं गणित

ताणाच्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त कटकट इथेच होते आणि सुधारणाही इथेच लवकर दिसते, म्हणून सविस्तर.

ट्रे किती? मांजरं जेवढी, त्यापेक्षा एक जास्त. एका मांजराला दोन. छोट्या फ्लॅटमध्ये हे ऐकून लोक हसतात. मीही हसले होते. पण दोन ट्रे शेजारीशेजारी ठेवले तर मांजराच्या हिशेबाने तो एकच झाला. एक गॅलरीत, एक निजायच्या खोलीच्या कोपऱ्यात, असं करा.

केवढा? नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट. दुकानातले देखणे ट्रे बहुतेक लहानच असतात. भांड्यांच्या दुकानातला मोठा, उथळ प्लास्टिकचा टब स्वस्त आणि जास्त सोयीचा. झाकणवाला ट्रे आपल्याला बरा वाटतो. आत वास कोंडतो आणि सुटायला एकच वाट राहते, म्हणून बरीच मांजरं त्याला कंटाळतात.

कुठे? आपल्याकडे ट्रेची ठरलेली जागा म्हणजे बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मांजर बसलेलं असताना मशीन एकदा गरगरलं की संपलं, ते पुन्हा तिथे जात नाही. खाण्याच्या ताटलीजवळही ट्रे नको. आपण तरी संडासात पंगत मांडू का?

लिटर बारीक, बिनवासाचं. गुठळ्या रोज काढा, जमलं तर दोनदा. ब्रँड बदलायचा असेल तर जुन्यात थोडं थोडं मिसळत बदला, किंवा दुसऱ्या ट्रेमध्ये नवं घालून कौल मांजरावर सोडा.

गादीवर किंवा सोफ्यावर लघवी झाली असेल तर ओरडू नका, नाक घासू नका. ती शिक्षा त्याला कळत नाही, फक्त तुमची भीती बसते. जागा आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणाऱ्या एन्झाइमयुक्त क्लीनरने धुवा. अमोनिया असलेलं काही वापरू नका. लघवीतही अमोनियाचाच दर्प असतो, मांजर पुन्हा तिथेच येईल.

६. दिवसाला ठरलेली चाल द्या

खाणं रोज त्याच वेळी. मांजर पोटभर एकदा जेवणारं जनावर नाही, दिवसभरात उंदराएवढे लहान लहान घास खाणारं आहे, तेव्हा तेवढंच अन्न तीन-चार वेळा विभागा. एखादी वेळ शिकारीसारखी करा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधल्या खळग्यांत कोरडे दाणे टाका, वर कागदाचे बोळे. अर्धा तास निघून जातो.

खेळ दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. काठीला दोरी आणि टोकाला पीस किंवा चिंधी. तोंडासमोर नाचवू नका. कोणता उंदीर मांजराच्या नाकावर येऊन नाचतो? चिंधी त्याच्यापासून लांब, सोफ्याच्या कडेने सरपटत न्या, थांबवा, आडोशाला लपवा. शेवटी त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. लेझरचा लाल ठिपका कधीच हाती लागत नाही, त्यामुळे काही मांजरं उलट जास्त अस्वस्थ होतात. खेळ झाला की दोरी कपाटात. शिवणाचा दोरा, लोकर, मांजा गिळला तर आतडी कापली जातात.

७. हात कसा लावायचा

बोट त्याच्या नाकाच्या पातळीवर धरा आणि थांबा. त्याने येऊन गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली, कानांच्या मुळाशी खाजवा. तीन-चार सेकंदांनी हात काढा. पुन्हा हवं असेल तर ते स्वतः डोकं पुढे करेल. पोट आणि शेपटी सोडा. शेपटी फटकारायला लागली की पुरे.

टक लावून बघणं मांजराला धमकी वाटते. डोळे हळूच अर्धवट मिटा, क्षणभर थांबा, उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की माणसाने असं केलं तर मांजरंही डोळे मिटून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाजवळ यायला जास्त राजी होतात. समोरच्याला येडपट वाटेल, पण रिक्षा स्टँडवरच्या मांजरांवरही चालतं.

८. फटाके आणि मिरवणुका

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही पुढचे. त्यात आपल्याकडे भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत उसंत नाही. पुण्यात तर विसर्जनाची मिरवणूक अलीकडे चोवीस तासांच्याही पुढे जाते. आवाज आपल्या हातात नाही, घरातली एक खोली मात्र आहे.

दोन आठवडे आधी घरातली सगळ्यात आतली, रस्त्यापासून लांबची खोली निवडा. तिथे खोकं, पाणी, ट्रे ठेवा आणि रोज एकदा आवडता खाऊ तिथेच द्या, म्हणजे ती खोली शिक्षेची वाटणार नाही. त्या दिवशी आवाज सुरू व्हायच्या आधीच खिडक्या लावा, जाड पडदे किंवा सतरंजी अडकवा, पंखा मोठा करा, रेडिओ हळू लावा. जेवण दुपारीच उरका, आवाजात ते खाणार नाही. दार कुणी उघडं टाकू नये म्हणून बाहेर चिठ्ठी लावा. आरतीला आलेल्या माणसांच्या पायांतून जिन्यात निसटलेली मांजरं दरवर्षी शोधावी लागतात.

तुम्ही त्या खोलीत नुसते बसलात तरी चालेल. ते जवळ आलं तर कुरवाळा, त्याने भीती "वाढत" नाही. नाही आलं तर पुस्तक वाचा.

मागच्या वर्षी खूपच घाबरलं असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. गॅबापेंटिनसारखं औषध अशा वेळी आणि दवाखान्यात नेण्याआधी दिलं जातं, पण मात्रा वजन आणि मूत्रपिंडांची तब्येत बघून तेच ठरवतील. घरातली माणसांची गोळी अजिबात नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. प्लगमध्ये लावायचे फेरोमोनचे (मांजरं एकमेकांना खूण म्हणून सोडतात तशा गंधद्रव्याचे) डिफ्यूझर मिळतात. काही मांजरांना फरक पडतो, काहींना नाही, आणि ते स्वस्त नाहीत. वरच्या पायऱ्या न करता फक्त ते लावणार असाल तर पैसे वाचवा.

९. दवाखान्याची टोपली

टोपली माळ्यावरून खाली आली की मांजर सोफ्याखाली, हे घरोघरी चालतं. उपाय एकच: ती माळ्यावर ठेवायचीच नाही. दिवाणखान्यात, दार काढून, आत त्याचं नेहमीचं फडकं टाकून कायम पडू द्या. अधूनमधून आत खाऊ टाका. काही आठवड्यांनी ते दुपारी तिथेच झोपलेलं सापडेल. टोपली घेताना वरचा भाग सुटा होणारी घ्या, म्हणजे तपासायला त्याला खेचून काढावं लागणार नाही. खालच्या अर्ध्यात बसल्या बसल्या डॉक्टर तपासू शकतात. रिक्षात टोपली मांडीवर धरा, वर चादर टाका. दवाखान्यात पोचल्यावर जमिनीवर, कुत्र्यांच्या तोंडासमोर ठेवू नका.

१०. दुसरं मांजर आणताय?

एकट्याला करमत नाही म्हणून, ना? मांजराला बहुधा करमत असतं. तरी आणलंच तर नव्याला किमान आठवडाभर बंद खोलीत वेगळं ठेवा, दोघांची अंथरुणं अदलाबदल करून वासाची ओळख करून द्या, मग दाराच्या दोन्ही बाजूंना जेवायला वाढा आणि अगदी शेवटी नजरभेट. ताटल्या, ट्रे, खोकी सगळं दुप्पट आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत. नसबंदी राहिली असेल तर आधी करून घ्या.

सगळे बदल एकाच दिवशी करू नका, तोही एक धक्काच. आधी खोकं आणि ट्रे, दोन-चार दिवसांनी खेळ, मग बाकीचं. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आमच्या बोक्याला पाच लागले आणि मधे एकदा त्याने माझ्या इस्त्रीच्या कपड्यांवरही प्रसाद ठेवला. सहा आठवड्यांनीही वहीतल्या नोंदी तशाच असतील तर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. मोबाइलवर त्याच्या बसण्याचा, चाटण्याचा, ट्रेमध्ये कुंथण्याचा व्हिडिओ काढलेला असू द्या, कारण टेबलावर ठेवल्याबरोबर ते असं काही गुणी बाळ होतं की तुम्हीच खोटे ठरता.